कौल देवाचा, प्रश्न आपला

गेल्या अंकात गारंबीच्या वेलावर लिहिलं, त्याला एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. बहुतेकांनी विचारलंय ते मात्र वेलाबद्दल नाही. विज्ञान शिकवणाऱ्यांनी देवळात जावं का, देवळातल्यांनी विज्ञानाचं ऐकावं का, दोघांनी मिळून मुलांना निसर्ग शिकवायचा तर सुरुवात कुणी करायची, असे हे प्रश्न आहेत. मी एकतीस वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. माहेर देवगड तालुक्यातलं, गुरवाचं. पत्रं वाचताना दोन्हीकडची माणसं डोळ्यांपुढे येत होती. पाच पत्रं निवडली आहेत. पहिल्याला जास्त जागा दिली आहे, कारण त्या गावाकडे वेळ कमी आहे.

प्रश्न : आमच्या ग्रामदेवतेच्या देवळाचा जीर्णोद्धार ठरला आहे. कौलारू देऊळ उतरवून स्लॅबचं बांधायचं आहे. पैसे कमी पडतात म्हणून देवराईतली जुनी झाडं विकावीत असं बैठकीत निघालं. आम्ही चार-पाच तरुण विरोधात आहोत, पण तोंड उघडलं की "मुंबयची पोरां देवाच्या कामात आडवी येतत" असं ऐकावं लागतं. कुणी म्हणतं, एखाद्या शास्त्रज्ञाला बोलावून भाषण ठेवा. ठेवावं का? (एक वाचक, देवगड तालुका)

उत्तर : दादा, भाषण ठेवू नका. निदान सुरुवातीला तरी नको. मी ते करून पाहिलं आहे.

नुकतीच नोकरीला लागले होते. स्लाइड दाखवायचं यंत्र घेऊन आमच्याच गावच्या देवळात, सभामंडपात उभी राहिले. राईत झाडांच्या जाती किती, बाहेरच्या उघड्या डोंगरावर किती, सगळं मांडलं आणि शेवटी म्हणाले, "देवाच्या भीतीनं का होईना, ही झाडं राहिली." मला ते कौतुकाचं वाक्य वाटलं होतं. मंडपात कुणी हललं नाही. माझे काका तेव्हा पूजा करायचे. खांबाला टेकून बसले होते, तिथूनच म्हणाले, "चेडवा, तू शिकान इलंस ता बरा झाला. पण आमी ही राई कित्याक राखली, ता एकदा तरी आमका इचारलंस काय?"

विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका मला राईत घेऊन गेले. चपला बाहेर काढायला लावल्या. आत शिरलं की पायाखाली पातेरो, म्हणजे गळलेल्या पानांचा थर, घोटा बुडेल एवढा. वर किंजळ, सातवीण, काजरा, आणि एक चांदकुडा, ज्याचा बुंधा तिघांच्या कवेत मावत नव्हता. काका खाली बसले आणि दोन्ही हातांनी पातेरो बाजूला केला. वरची पानं कोरडी, कुरकुरीत. त्याखालची काळी, दमट, एकमेकांना चिकटलेली. त्याखाली बुरशीचे पांढरे तंतू आणि केसासारखी बारीक मुळं. मग माती, मुठीत दाबली की ओल बोटांना लागेल अशी. एप्रिल महिना होता, राईबाहेर कातळ तापून पायाला चटके बसत होते. काकांनी पातेरो पुन्हा होता तसा पसरला, झोपलेल्या पोराच्या अंगावरचं पांघरूण सारखं करावं तसा, आणि म्हणाले, "सुको पातेरो सुद्दा ह्या रानातसून भायर न्हेवचो नाय. पातेरो गेलो की पाणी गेला."

मी वर्गात हेच शिकवत होते. कोकणात चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि मे महिन्यात बायका हंडे घेऊन फिरतात, कारण उघड्या उतारावरून तो तासाभरात व्हाळाला आणि व्हाळातून समुद्राला जातो. जिथे पातेरो आहे, मुळं आहेत, तिथे पाणी थबकतं, जांभ्याच्या भोकाभोकांतून खाली उतरतं, खालच्या चिकणमातीच्या थराला अडतं आणि डोंगराच्या कुशीत झरा होऊन बाहेर येतं. काकांना चिकणमातीचा थर ठाऊक नव्हता, मला पातेऱ्याचा नियम ठाऊक नव्हता. एका झऱ्याची अर्धी-अर्धी माहिती आम्हा दोघांकडे होती आणि मी फक्त माझी अर्धी ऐकवायला गेले होते.

तर आधी विचारायला जा. गुरव, गाऱ्हाणं घालणारे गावकर, मानकरी यांना विचाराच, पण त्यांच्याही आधी झऱ्यावरून पाणी आणलेल्या साठी-सत्तरीच्या बायकांना विचारा. कुठल्या उन्हाळ्यात धार बारीक झाली, त्याच्या आधी डोंगरावर कुठे तोड झाली होती, हे त्यांना पक्कं आठवतं. शाळेतल्या मुलांना वही द्या आणि ही उत्तरं सांगणाऱ्याच्या बोलीत लिहून घ्यायला लावा. राईतलं काय बाहेर न्यायचं नाही, कधी आत जायचं नाही, कुठल्या झाडाखाली कुणाचं स्थान, कुठली साल औषधाला आणि ती कुणाला विचारून काढायची. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, तिच्याकडे लोक जैवविविधता नोंदवही असते. मुलांची वही तिच्यात नोंदवून घ्या म्हणजे ती गावाचा कागद होते.

दुसरं काम झरा मोजायचं. धारेखाली पोफळीच्या विरीची पन्हळ लावा, १० लिटरची बादली ठेवा, घड्याळ बघा. २५ सेकंदांत भरली तर मिनिटाला २४ लिटर. दर पंधरा दिवसांनी, एकाच जागी, तीनदा मोजून मधला आकडा लिहायचा. डिसेंबरपासून मेपर्यंत. सातवीतली मुलं हे काम चोख करतात, मोठ्या माणसांपेक्षा चोख, कारण त्यांना आकडा अमुकच यावा असं वाटत नसतं.

आता मुख्य गोष्ट. तुमच्यासारखीच वेळ पंधराएक वर्षांपूर्वी आमच्या गावावर आली होती. सभामंडपाच्या कामासाठी झाडं काढायची असं ठरत आलं होतं आणि कौल लावायचा होता. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, आमच्याकडे देवाच्या अंगावर फुलांच्या पाकळ्या किंवा तांदूळ पाण्यानं चिकटवतात, गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतात. उजवीकडचं पडलं की होकार, डावीकडचं पडलं की नकार. गावऱ्हाटीतले, म्हणजे गावाच्या देवकार्याच्या जुन्या रिवाजातले, मोठे निर्णय असेच होतात. आधी ठरलेला प्रश्न होता, "देवा महाराजा, तुझ्या देवळाक तुझीच झाडां घेवची काय?" आदल्या रात्रीच्या बैठकीत शाळेतल्या एका मुलीनं झऱ्याची वही वाचून दाखवली. तारीख आणि सेकंद, तारीख आणि सेकंद, बाकी काही नाही. मग तिची आजी बोलली. मग आणखी दोघी बोलल्या. बैठक उठायला बरीच रात्र झाली. सकाळी माझा चुलतभाऊ गाऱ्हाण्याला उभा राहिला तेव्हा प्रश्न बदलला होता: "झऱ्यावरची झाडां थंयच ठेवन तुझा देऊळ बांधूचा, तर तुझो हुकूम आसा काय?" सगळ्यांनी "होय महाराजा" म्हटलं. उजवा कौल झाला.

कौल कुठल्या बाजूला पडावा हे देवाचं, त्यात मी शिरत नाही. पण प्रश्न माणसं घालतात. तो नीट घालता यावा एवढी माहिती त्यांच्या हाती देणं हे माझ्यासारखीचं काम आहे, आणि ते काम कौलाच्या आदल्या रात्रीपर्यंत व्हावं लागतं. तुमच्या गावात अजून कौल लागलेला नाही असं पत्रावरून दिसतं. म्हणजे तुमच्या हातात दिवस आहेत.

आमचं देऊळ चिऱ्याचं आणि कौलारूच झालं. जुने फणसाचे वासे तासून पुन्हा वापरले, उरलेला खर्च चाकरमान्यांनी वर्गणी काढून भागवला. भर उन्हाळ्यात त्या मंडपात जमिनीवर पाठ टेकली की जो गारवा लागतो, तो स्लॅबखाली पंखा लावून मिळत नाही. तुमच्या बैठकीत हेही मांडा. जुनं देऊळ उतरवणं म्हणजे जीर्णोद्धार, असं कुठल्याही परंपरेत लिहिलेलं नाही.

असं काम आपल्याच किनाऱ्यावर आधी झालेलं आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला डॉ. माधव गाडगीळ आणि पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वर्तक सह्याद्रीतल्या देवराया पायी हिंडत होते. १९७६ साली त्यांचा त्यावरचा शोधनिबंध आला. त्या दिवसांत श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावच्या लोकांनी या दोघांना गाठलं. त्यांच्या राईत तोड व्हायची होती आणि गावाला पाणी देणारा ओहोळ त्या राईतूनच निघत होता. गावानं कारण सांगितलं, शास्त्रज्ञांनी ते कारण सरकारदरबारी नेलं, राई वाचली. दूरचं उदाहरण हवं असेल तर उत्तर इथिओपियातलं घ्या. तिथे शेतांच्या पसाऱ्यात ऑर्थोडॉक्स चर्चांभोवती जुन्या रानाची बेटं उरली आहेत, आपल्या देवराईसारखीच. अलेमायेहू वासी या तिथल्या वनशास्त्रज्ञांनी आणि अमेरिकेच्या मेग लोमन यांनी चर्चच्या पुजाऱ्यांना एकत्र बसवून आकाशातून घेतलेली चित्रं दाखवली. आपलं रान कडेनं किती खाल्लं जातंय ते पुजाऱ्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. मग शेतातलेच धोंडे वेचून रानाभोवती गडगे घातले. गुरं बाहेर राहिली, आत रोपं वर आली, आणि शेतकऱ्यांची शेतंही धोंड्यांतून मोकळी झाली. आपल्याकडे गडगा घालणारे हात अजून आहेत.

कायद्याचं थोडक्यात सांगते. राईची जमीन सातबाऱ्यावर कुणाच्या नावे आहे ते आजच काढून बघा. परवानगीशिवाय अशी तोड करता येत नाही. १८ डिसेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं राजस्थानातल्या देवरायांना वनाचं संरक्षण द्यायला सांगितलं आणि देशभरातल्या देवरायांसाठी केंद्रानं धोरण आखावं अशी शिफारस केली. हा कागद खिशात असू द्या. पण खिशातच. तो बैठकीत पहिल्या दिवशी टेबलावर ठेवलात तर झाडं कदाचित वाचतील, गावातली बोलणी तुटतील, आणि पुढच्या पन्नास वर्षांत ती झाडं राखायला गावच लागणार आहे.

प्रश्न : मी विज्ञानाची पदवीधर आहे. गुरव, मौलवी, पाद्री यांना पर्यावरण शिक्षणात आणलं की अंधश्रद्धेला वैज्ञानिकांचा शिक्का मिळतो असं मला वाटतं. तुम्ही ही जोखीम का घेता? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : तुमची भीती खोटी नाही. मी एक रेघ आखून घेतली आहे: मोजलेलं बदलायचं नाही. झरा आटला तर "आटला" असंच लिहायचं, गावाला वाईट वाटलं तरी. आणि दुसऱ्या बाजूनं, श्रद्धेला विज्ञानाचे उसने दागिने घालायचे नाहीत. वड-पिंपळ रात्रीसुद्धा ऑक्सिजन सोडतात म्हणून पूर्वजांनी ते पूजले, असा मजकूर दर वटपौर्णिमेला मोबाइलवर फिरतो. तो चूक आहे. प्रकाश नसताना झाड ऑक्सिजन तयार करत नाही, श्वसनासाठी घेतं. वडाची महती सांगायची तर उंबर-वडाच्या फळांवर किती पक्षी जगतात ते सांगा. पोकळ खोडाच्या म्हाताऱ्या झाडात ककणेराची, म्हणजे धनेश पक्ष्याची, मादी स्वतःला लिंपून घेते आणि नर आठवडेच्या आठवडे तिला भोकातून फळं भरवतो, ते मुलांना दुर्बिणीतून दाखवा. खोट्या ऑक्सिजनची गरजच पडत नाही.

एक आठवण करून देते. जानेवारी १९९० मध्ये खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन आणि त्यांच्यासोबत अनेक नामवंत वैज्ञानिकांनी जगभरच्या धर्मगुरूंना एक जाहीर पत्र लिहिलं, पृथ्वी वाचवायच्या कामात बरोबर या म्हणून. सेगन देवभक्त नव्हते, पुराव्याशिवाय काही मानू नका हे त्यांनी आयुष्यभर सांगितलं. त्याच्या चार वर्षं आधी, १९८६ मध्ये, इटलीतल्या असिसी गावी जागतिक वन्यजीव निधीच्या पंचविसाव्या वर्षानिमित्त बौद्ध, ख्रिस्ती, हिंदू, मुस्लिम आणि ज्यू धर्मांच्या प्रतिनिधींनी निसर्गाबद्दलची आपापली भूमिका मांडली होती. प्रत्येकानं आपापली, हे महत्त्वाचं. कुणी कुणाची पोथी उसनी घेतली नाही.

प्रश्न : मी गुहागर तालुक्यात प्राथमिक शाळेत शिकवते. कासवांचा हंगाम आला की मुलांना किनाऱ्यावर नेते. काही पालक म्हणतात, आधी कूर्मावतार सांगा. काही म्हणतात, दशावतार म्हणजेच उत्क्रांती, तेच शिकवा. मी काय करू?

उत्तर : कूर्मावतार जरूर सांगा, मुलांना घरी तो ऐकूनच माहीत असतो. पण उत्क्रांती म्हणून सांगू नका. उत्क्रांती ही मासा, कासव, वराह, माणूस अशी चढत जाणारी शिडी नाही. तुमच्या किनाऱ्यावर येणारी ऑलिव्ह रिडली जातीची कासवीण आणि तिच्याकडे बघणारी तुमची मुलं, दोघंही आजची, दोघंही एका फार जुन्या झाडाच्या वेगवेगळ्या फांद्यांची टोकं.

मी एका शाळेत काय केलं ते सांगते. आधी मुलांना देवळात नेलं आणि मंडपातल्या दगडी कासवापुढे बसवलं. पुजारीबुवांनी सांगितलं की कासव जसं अवयव आत ओढून घेतं तसं देवापुढे येताना इंद्रियं आवरावीत. गीतेत स्थितप्रज्ञाच्या वर्णनात हा दाखला आहे. मग आम्ही किनाऱ्यावर गेलो. मी विचारलं, "ही समुद्री कासवीण तसं डोकं आत घेईल का?" सगळे म्हणाले, घेईल. ती घेऊ शकत नाही. तळ्यातलं, जमिनीवरचं कासव घेतं. समुद्री कासवाला डोकं आणि वल्ह्यांसारखे पाय कवचात ओढता येत नाहीत. पोहण्यासाठी तिचं शरीर वेगळं घडलं आहे, म्हणून वाळूवर ती फार उघडी पडते, कुत्रं आलं तरी तिला काही करता येत नाही. पुजारीबुवाही आमच्याबरोबर होते. ते गुडघ्यावर बसून बराच वेळ तिच्या मानेकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपणहून मुलांना सांगितलं, "आपलं देवळातलं कासव तळ्याकाठचं हां, समुद्रातलं नव्हे."

त्याच दिवशी आणखी एक विषय निघाला. संतांनी कासवीच्या कृपादृष्टीचा दृष्टान्त दिला आहे, ती दूध पाजत नाही, नजरेनंच पिलांना वाढवते. एका मुलीला तो अभंग आजीकडून पाठ होता. खरी कासवीण दीडएक फूट खड्डा करते, शंभरेक अंडी घालते, वाळू लोटून अंगानं दाबते आणि मागं वळून न बघता समुद्रात जाते. मुलगी म्हणाली, "मग पिलांकडे बघतं कोण?" तेव्हा मी वाळूचं सांगितलं. ४५ ते ६० दिवस ती ऊब वाळू देते, आणि वाळू जास्त तापली तर पिल्लं माद्याच जास्त निघतात, थंड राहिली तर नर. मग वेळासचं सांगितलं. मंडणगड तालुक्यातल्या त्या गावात पूर्वी घरटी उकरून अंडी नेली जायची. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावाला बरोबर घेऊन ती राखायला सुरुवात केली, २००६ पासून तिथे कासव महोत्सव भरतो, आणि गावातलीच माणसं पहाटे घरट्यावरची टोपली उचलून बघतात. संतांचा दाखला देवाच्या मायेबद्दल आहे, तो प्राणिशास्त्रानं तपासायचा नसतो. पण तो पाठ असल्यामुळेच त्या मुलीला हा प्रश्न पडला. वर्गात कुणी इतका चांगला प्रश्न विचारल्याचं मला आठवत नाही.

तुमच्या मुलांना तुमच्याच वाळूची गोष्ट सांगा. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर जिच्या वल्ह्याला खुणेचा बिल्ला लावला होता, ती कासवीण जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. आणि २०२३ मध्ये गुहागरहून पाठीवर उपग्रहाशी बोलणारं यंत्र घेऊन निघालेली बागेश्री नावाची कासवीण श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली. नकाशा भिंतीवर लावा आणि दोरा ओढा.

पालकांना गुजरातचीही हकिकत सांगता येईल. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर व्हेल शार्कची मोठी शिकार व्हायची. २००१ मध्ये कायद्यानं तिला संरक्षण मिळालं, पण नुसत्या कायद्यानं खलाशाचा हात थांबत नाही. २००४ मध्ये वन्यजीव संशोधकांनी रामकथाकार मोरारी बापूंना बरोबर घेतलं. बापूंनी लोकांना सांगितलं, ही बाळंतपणाला माहेरी आलेली लेक आहे. तिचं नाव पडलं व्हाली, म्हणजे लाडकी. त्यानंतर खलाशी जाळ्यात अडकलेली व्हाली स्वतःचं महागाचं जाळं कापून सोडू लागले, आणि कापलेल्या जाळ्याची भरपाई सरकारनं द्यायची ठरली. भरपाईचा हा भाग मुद्दाम लिहिते आहे, कारण कीर्तन संपल्यावर घरी चूल पेटवायची असते हे त्या लोकांनी ध्यानात ठेवलं होतं.

प्रश्न : मी दापोली तालुक्यातल्या एका उर्दू शाळेत शिकवते. तुमच्या लेखांत देवराई, पालखी, कौल असतं. आमच्या मोहल्ल्यातली मुलंही त्याच समुद्रावर वाढतात. आमच्यासाठी काय आहे?

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून मी बराच वेळ गप्प बसले. तुमची तक्रार खरी आहे. मी वर्षानुवर्षं देवळांत गेले कारण ती वाट मला माहेरची होती. मोहल्ल्यात गेले नाही, कुणी बोलावलं नाही असं स्वतःला सांगत राहिले. बोलावणं मीच मागायला हवं होतं. आता तुमच्या पत्रानं ते आलंय असं समजते.

तुमच्या मुलांसाठी एक प्रयोग सुचवते, इमामसाहेबांना विचारून करा. वाहत्या नदीकाठी बसलात तरी वुझूला, म्हणजे नमाजाआधी हात-तोंड-पाय धुताना, पाणी वाया घालवू नका, ही शिकवण मुलांना घरी मिळालेली असते. पैगंबर साहेबांचा वुझू एका 'मुद'मध्ये, म्हणजे लिटरभरापेक्षाही कमी पाण्यात व्हायचा, हेही मोठ्यांना ठाऊक असतं. नळाखाली बादली ठेवून एका वुझूला आज किती पाणी जातं ते मुलांनी मापाच्या भांड्यानं मोजायचं. मग लोट्यानं केलेला वुझू मोजायचा. दोन आकडे, त्यांतला फरक, गुणिले मशिदीत येणारी माणसं, गुणिले पाच वेळा. हा गणिताचा तास झाला, आणि मे महिन्यात टँकरची वाट बघणाऱ्या वस्तीत तो कुणाला निरर्थक वाटणार नाही. आकडे इमामसाहेबांच्या हाती द्या, जुम्म्याला ते काय सांगायचं ते सांगतील.

समुद्राचंही तसंच. पूर्व आफ्रिकेतल्या झांझिबारमध्ये पेंबा बेटाजवळ मिसाली नावाचं छोटं बेट आहे. तिथले मच्छीमार मुस्लिम. सुरुंग लावून मासे मारण्यानं प्रवाळ उद्ध्वस्त होत होतं आणि सरकारी बंदीला लोक दाद देत नव्हते. मग सागरी जीवांवर काम करणारे आणि इस्लामी पर्यावरण विचाराचे अभ्यासक एकत्र आले, इमामांबरोबर बसले. माणूस हा सृष्टीचा मालक नसून अल्लाहनं सोपवलेल्या अमानतीचा राखणदार आहे, ही कुराणातली गोष्ट समुद्राला लावून सांगितली गेली. सरकारी फलकानं जे झालं नव्हतं ते यानं बऱ्याच प्रमाणात झालं. हर्णैच्या लिलावात वीतभरही न वाढलेल्या पापलेटांच्या टोपल्या दिसतात तेव्हा मला मिसाली आठवतं. पापलेट २०२३ पासून आपला राज्यमासा आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते ती माशांना अंडी घालू द्यावी म्हणून. आमचे दर्यावर्दी कोळी नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याखेरीज होडी लोटत नसत, तुमचे आजोबाही पाऊस उतरल्याखेरीज निघत नसतील. मुलांना आजोबांकडे पाठवा आणि विचारायला सांगा: तुमच्या वेळी जाळ्याचा आस केवढा होता? चार बोटं जायची की दोन? उत्तरं मला पाठवा. मी येते आहे, तारीख तुम्ही ठरवा. येताना माझ्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या जुन्या सहकारी मैत्रिणीला घेऊन येईन, तिचं आयुष्य माशांच्या आतड्यांत काय सापडतं ते बघण्यात गेलं आहे.

प्रश्न : आम्ही डोंबिवलीला असतो. गणपतीला गावी, कुडाळ तालुक्यात जातो. आजीला आता चालवत नाही म्हणून यंदा माटवी (गणपतीच्या वर रानातली फळं-फुलं टांगायची चौकट) बांधायचं सामान आम्ही नातवंडं आणणार. काय आणायचं ते सांगाल का?

उत्तर : मी सांगणार नाही, आजीला विचारा, कारण प्रत्येक वाडीची माटवी वेगळी. आजीला खुर्चीत बसवून अंगणापर्यंत आणा, फोनवर झाडांचे फोटो काढून आणून तिला दाखवा, ती "ह्या नाय, त्याच्या बाजूचा" म्हणेल ते लिहून घ्या. बहुतेक घरांत कवंडळ, कांगलं, तेरडा, शेरवड, सुपारीचा घड आणि नारळ असतोच. शेरवड ओळखायला सोपी: हिरव्या झुडपावर पांढरं स्वच्छ पान आणि त्याच्याशेजारी इवलंसं नारिंगी फूल. ते पांढरं पान खरं तर फुलाचंच निदल आहे, एकच निदल वाढून पानाएवढं झालेलं, फुलपाखरांना लांबून फूल दिसावं म्हणून. लहान भावंडांना ते उलटून दाखवा, देठाशी फुलाला कुठे जोडलंय ते बघू द्या. फांदी मोडू नका, कात्रीनं कापा. कवंडळाची लालभडक फळं एका वेलीवरची सगळी काढू नका, दोन-तीन तिथेच पिकू देत. आणि आजीनं सांगितलेली नावं तिच्याच उच्चारात लिहा, पुस्तकातली नंतर शोधता येतात.